कंपनीने दुसरी कंपनी घेतली, शेअर पडला आणि ब्रोकरेजची दोन टोकाची मतं आली: यातून अर्थ कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या, आयटी कंपनीचे शेअर तुमच्याकडे दोन वर्षांपासून आहेत. कंपनीने अमेरिकेतली एक खासगी कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी शेअर आठ टक्के पडला. दुसऱ्या दिवशी एका ब्रोकरेजने शिफारस 'सेल' केली, तर दुसऱ्याने टार्गेट (भाव कुठवर जाईल याचा अंदाज) वाढवून 'बाय' कायम ठेवलं. तुम्ही विचारताय की या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, आणि धंदा वाढवणाऱ्या बातमीवर शेअर पडतोच कसा?

विकावं की ठेवावं हे मी सांगणार नाही. ते तुमच्या खरेदीभावावर, हा शेअर तुमच्या एकूण गुंतवणुकीत किती टक्के आहे यावर आणि पैसे कधी लागणार आहेत यावर ठरतं. दोन वर्षं झाली असल्याने कर साडेबारा टक्के, तोही वर्षभरातल्या सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर; म्हणजे कराच्या भीतीने अडकून बसावं असं काही नाही. बातमी कशी वाचायची, ते मात्र नीट सांगता येईल.

शेअरचा भाव असा एकदम हलतो तेव्हा बहुतेक वेळा चारपैकी एखादं गृहीतक हललेलं असतं. पुढच्या दोन वर्षांत प्रति शेअर कमाई किती होईल, त्या कमाईला बाजार किती पीई देईल (म्हणजे कमाईच्या किती पट भाव), कंपनीकडे रोकड आणि कर्ज किती राहील, आणि व्यवस्थापन भागधारकांचे पैसे शहाणपणाने वापरेल का. अधिग्रहणाची एकच बातमी या चारही गृहीतकांना एकदम हात घालते, म्हणून तिच्यावर भाव एवढा जोरात हलतो. ब्रोकरेजचा अहवाल म्हणजे त्या चार आकड्यांबद्दल एका माणसाने केलेला हिशोब. त्यामुळे आधी अधिग्रहणाचा हिशोब स्वतः मांडून बघा, अहवाल नंतर उघडा. क्रम उलटा झाला की अहवालातलं टार्गेट डोक्यात बसतं आणि मग आपण त्याला पुरावे शोधायला लागतो.

हिशोब कसा मांडायचा, ते एका काल्पनिक उदाहरणावर बघू. समजा कंपनीचे २० कोटी शेअर आहेत, भाव १,००० रुपये, म्हणजे बाजारमूल्य २०,००० कोटी. वार्षिक नफा ८०० कोटी, प्रति शेअर कमाई ४० रुपये, पीई २५. ही कंपनी २,४०० कोटींना दुसरी कंपनी घेते. त्या कंपनीचा महसूल १,००० कोटी आणि करोत्तर नफा ८० कोटी आहे. वरवर बघता नफा ८०० चा ८८० होणार, म्हणजे शेअर वाढायला हवा असं वाटतं.

आता पैसे कुठून येतात ते बघा. १,२०० कोटी हातातली रोकड आणि १,२०० कोटी कर्ज धरू. रोकड ठेवींमध्ये ७ टक्क्यांनी ८४ कोटी मिळवत होती. २५ टक्के कर वजा जाता ६३ कोटी. ते उत्पन्न आता बंद. कर्जावर ९ टक्के म्हणजे १०८ कोटी व्याज, करानंतर ८१ कोटी. एकूण १४४ कोटींचा फटका आणि मिळकत ८० कोटींची. नफा ८८० होत नाही, तो ७३६ कोटींवर येतो. प्रति शेअर कमाई ४० वरून ३६.८०. पीई २५ चाच राहिला तरी भाव ९२० निघतो, म्हणजे बरोबर आठ टक्के खाली. तेव्हा असा दिवस 'बाजार घाबरला' म्हणून सोडून देऊ नका. कित्येकदा ती साधी वजाबाकी असते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. विकत घेतलेल्या कंपनीच्या किमतीचा काही भाग ताळेबंदात ग्राहकसंबंध, सॉफ्टवेअर, ब्रँड अशा अमूर्त मालमत्तांच्या नावे जातो आणि दरवर्षी थोडा थोडा खर्ची टाकला जातो. समजा त्यातले ६०० कोटी आठ वर्षांत खर्ची पडणार, तर वर्षाला ७५ कोटी, करानंतर सुमारे ५६ कोटी. आता नफा ६८० कोटी, कमाई ३४ रुपये. हा खर्च रोखीत जात नाही, म्हणून काही विश्लेषक तो वगळून कमाई दाखवतात आणि काही धरून. दोन अहवालांतल्या कमाईच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो. अमूर्त मालमत्तांच्या पलीकडे उरलेली रक्कम गुडविल म्हणून राहते. ती दरवर्षी खर्ची पडत नाही, पण वर्षातून एकदा तरी तपासावी लागते आणि धंदा फसला तर एका फटक्यात निर्लेखित होते, म्हणजे बुडीत धरून नफ्यातून वजा होते.

आता व्यवस्थापनाच्या दाव्याकडे वळा. कमाई पुन्हा ४० वर आणायला ६४ कोटींचा करोत्तर नफा जास्त हवा, म्हणजे करापूर्वी सुमारे ८५ कोटी. घेतलेल्या कंपनीचा महसूल १,००० कोटी असताना हे साडेआठ टक्के बिंदूंनी मार्जिन (महसुलातला नफ्याचा हिस्सा) वाढवण्याइतकं काम आहे. अमेरिकेतलं काम हळूहळू पुण्या-हैदराबादला हलवून एवढं मार्जिन वाढू शकतं का? ज्या कंपनीत जवळजवळ सगळी माणसं अमेरिकेत बसलेली आहेत तिथे कदाचित हो, दोन-तीन वर्षांत. जिथे आधीच निम्म्याहून जास्त काम भारतातून चालतं तिथे फार अवघड. 'सिनर्जी' (दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारा जादा फायदा) या शब्दामागे एवढा एक आकडा शोधला तरी निम्मं चित्र स्पष्ट होतं.

हाच सौदा रोख न देता शेअर देऊन केला तर? १,००० च्या भावाने २.४ कोटी नवे शेअर द्यावे लागतील. नफा ८८० कोटी, शेअर २२.४ कोटी, कमाई ३९.२९. घट दोन टक्क्यांहून कमी. हे सौम्य दिसतं, पण तुमचा हिस्सा कायमचा पातळ झाला. आणि समजा घेतली जाणारी कंपनी १५ पीईला, म्हणजे १,२०० कोटींना मिळाली आणि तेही शेअर देऊन, तर कमाई ४१.५० होते. कुठल्याही कारभारात तसूभर सुधारणा न होता कमाई पावणेचार टक्के वाढली! वाढ आली ती फक्त महाग कागद देऊन स्वस्त धंदा घेतल्यामुळे. म्हणून 'हा सौदा पहिल्या वर्षापासून प्रति शेअर कमाई वाढवणारा आहे' हे वाक्य घोषणेत दिसलं की त्यावर भाळू नका. पैसे कशातून दिले हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

खऱ्या बाजारात हे कसं दिसतं त्याची दोन उदाहरणं. ७ डिसेंबर २०१८ ला एचसीएल टेक्नॉलॉजीजने आयबीएमकडून नोट्स, डॉमिनो, बिगफिक्स, अ‍ॅपस्कॅन, युनिका अशी सॉफ्टवेअर उत्पादनं १.८ अब्ज डॉलर रोखीत घेण्याचं जाहीर केलं. शेअर त्या दिवशी सुमारे पाच टक्के पडला. उत्पादनांवर मार्जिन सेवांपेक्षा चांगलं होतं, ग्राहकही बांधलेले होते. पण ती जुनी उत्पादनं होती आणि पुढे किती वर्षं टिकतील याची खात्री नव्हती. बाजाराची हरकत पहिल्या वर्षाच्या कमाईला नव्हती, अशा घसरत जाऊ शकणाऱ्या कमाईला सेवाधंद्याइतका पीई द्यायचा का, याला होती. दुसरं उदाहरण अ‍ॅडोबीचं. १५ सप्टेंबर २०२२ ला तिने फिग्मा ही डिझाइन सॉफ्टवेअरची कंपनी २० अब्ज डॉलरना, अर्धी रोख आणि अर्धे शेअर देऊन, घेत असल्याचं सांगितलं. फिग्माचा वार्षिक आवर्ती महसूल (वर्गणीसारखा दरवर्षी येणारा) त्या वर्षाअखेर ४० कोटी डॉलरच्या पुढे जाईल अशी अपेक्षा होती, म्हणजे महसुलाच्या जवळपास ५० पट किंमत. अ‍ॅडोबीचा शेअर त्या एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला आणि बाजारमूल्यातली घट सौद्याच्या रकमेपेक्षाही मोठी होती. फिग्माची किंमत शून्य धरली तरी एवढी घट निघत नाही. मग बाकीची कशाची? एवढी किंमत मोजावी लागते म्हणजे मूळ धंद्याला स्पर्धेची झळ बसत असावी, असा अर्थ लोकांनी काढला. त्याच दिवशी तिमाही निकालही आले होते, त्यामुळे सगळं खापर सौद्यावर फोडता येत नाही. पुढे ब्रिटन आणि युरोपच्या स्पर्धा नियामकांकडून मंजुरीची वाट दिसेना, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला आणि अ‍ॅडोबीला एक अब्ज डॉलर मोडणावळ द्यावी लागली.

सगळ्यात वाईट वळण ह्यूलेट-पॅकार्डने बघितलं. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटिश कंपनी ऑटोनॉमीसाठी आदल्या भावाच्या ६० टक्क्यांहून अधिक जादा किंमत देऊ केली, दुसऱ्या दिवशी एचपीचा शेअर सुमारे २० टक्के पडला, महिन्याभरात मुख्याधिकारी बदलले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने ८.८ अब्ज डॉलर निर्लेखित केले. निर्लेखनाच्या दिवशी शेअर पुन्हा १२ टक्के खाली. गुडविल ताळेबंदात निरुपद्रवी दिसतं, पण त्याचा फटका असा बसतो.

आता विश्लेषकांकडे. टार्गेट प्राइस म्हणजे बहुतेक वेळा एक गुणाकार असतो: पुढच्या एक-दोन वर्षांची अंदाजित कमाई गुणिले पीई. तुमच्यासारख्याच प्रसंगाचं काल्पनिक उदाहरण घ्या. एक विश्लेषक म्हणतो कमाई ४३ आणि पीई २२, टार्गेट ९४६. दुसरा म्हणतो कमाई ४७ आणि पीई २७, टार्गेट १,२६९. दोघांनी वाचलेली घोषणा एकच. कमाईतला फरक नऊ टक्के, पीईतला फरक जवळपास २३ टक्के. म्हणजे भांडण आकड्यांचं कमी आणि विश्वासाचं जास्त. अहवालात कमाईच्या अंदाजाचा जुना-नवा तक्ता असतो, तो आधी काढा. कमाई फारशी हलली नसेल आणि टार्गेट मात्र खूप हललं असेल, तर पीई का बदलला याचं स्पष्टीकरण एका परिच्छेदात तरी मिळायला हवं. ते नसेल तर तो अहवाल भावाच्या मागे धावतोय असं समजायला हरकत नाही.

सगळी मतं भाव हलवत नाहीत. अनुभवाने दिसतं ते असं: नुसतं टार्गेट बदललं तर परिणाम किरकोळ, शिफारस बदलली तर बराच जास्त, आणि बाकीचे सगळे 'बाय' म्हणत असताना पहिल्याने शिफारस खाली आणली तर सगळ्यात जास्त. बार्कलेजने २ जानेवारी २०२४ ला अ‍ॅपलची शिफारस 'अंडरवेट' (जवळपास 'सेल'सारखीच) केली. टार्गेट १६१ डॉलरवरून १६०, म्हणजे फक्त एक डॉलर कमी. पण शेअर त्या दिवशी सुमारे साडेतीन टक्के पडला, कारण शिफारस बदलली होती. गंमत पुढे आहे: ते वर्ष संपलं तेव्हा अ‍ॅपल २५० डॉलरच्या आसपास होता. यावरून विश्लेषक चूक असतात असा निष्कर्ष काढू नका, आयफोनच्या मागणीबद्दलची त्याची शंका विचारात घेण्यासारखीच होती. एका दिवसाची हालचाल आणि वर्षाचा भाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढंच त्यातून घ्या.

छोट्या आणि मध्यम कंपन्यांत एका अहवालाचं वजन जास्त पडतं. इन्फोसिस किंवा टीसीएसवर कितीतरी ब्रोकरेज लिहितात, तिथे एकाचं मत सरासरीत विरघळतं. ज्या कंपनीवर चार-पाचच जण लिहितात आणि शेअरची उलाढाल पातळ आहे, तिथे एका मोठ्या ब्रोकरेजच्या 'सेल'वर दोन म्युच्युअल फंडांनी थोडी विक्री केली तरी भाव पाच टक्के हलतो. तुमची कंपनी मिडकॅप आहे, तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या भावातला काही भाग निव्वळ या पातळपणाचा असू शकतो. तो काही आठवड्यांत भरून निघू शकतो. पहिल्या दिवशीची वजाबाकी मात्र तशी भरून निघत नाही.

'बाय' जास्त आणि 'सेल' कमी का असतात, हेही लक्षात ठेवा. विश्लेषकाला व्यवस्थापनाशी बोलणं चालू ठेवायचं असतं, आणि त्याच ब्रोकरेजचा दुसरा विभाग त्या कंपनीकडून भांडवल उभारणीचं किंवा सल्ल्याचं काम मिळवू पाहत असतो. अमेरिकेत डॉटकॉमच्या काळात हे इतकं बोकाळलं की २००३ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या दहा मोठ्या संस्थांना सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडे सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, २०१४ चे संशोधन विश्लेषक नियम आहेत. ब्रोकरेजचा त्या कंपनीत एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा आहे का आणि गेल्या बारा महिन्यांत तिच्याकडून मोबदला घेतला का, हे अहवालात सांगावंच लागतं. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. मी अहवाल तिथूनच वाचायला सुरुवात करतो. ज्या अधिग्रहणावर अहवाल आहे त्याच सौद्यात ब्रोकरेजची बँक सल्लागार असेल, तर त्या अहवालातली आकडेवारी वापरायची आणि शिफारस बाजूला ठेवायची.

अजून एक सवय ओळखा. भाव पडल्यानंतर शिफारस खाली आणण्याची. लिंक्डइनचं चित्र यासाठी फार बोलकं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज कमी दिला, शेअर एका दिवसात १९२ डॉलरवरून १०८ वर आला, म्हणजे जवळपास ४४ टक्के खाली, आणि अनेक ब्रोकरेजनी त्याच सुमारास शिफारसी उतरवल्या. चारच महिन्यांनी, १३ जूनला, मायक्रोसॉफ्टने १९६ डॉलरचा भाव देऊ केला. विश्लेषक तिमाहीचा महसूल मोजत होते, मायक्रोसॉफ्ट मात्र ऑफिस वापरणाऱ्या ग्राहकांना लिंक्डइन जोडलं तर काय होईल हे मोजत होती. बाहेरच्या खरेदीदाराचा हिशोब विश्लेषकाच्या तक्त्यात बसत नाही, त्यामुळे अशा बोलीचा अंदाज कुणाच्या टार्गेटमध्ये शोधू नका.

इथे आपण दुसऱ्या बाजूला आलो, म्हणजे ज्या कंपनीला कुणीतरी घेतंय तिचा शेअर. तुमच्या प्रश्नात ती खासगी आहे, पण उद्या तुमच्याच मिडकॅपवर कुणी बोली लावली तर हे कामाला येईल. बोली जाहीर झाली की त्या शेअरवर विश्लेषकांची मतं जवळपास निरर्थक होतात. भाव बोलीच्या जवळ जाऊन बसतो आणि उरलेली दरी सौदा पार पडण्याची शक्यता सांगते. ढोबळ मोजमाप सोपं आहे: पहिल्या दिवसाच्या बंद भावातून आदला भाव वजा करा आणि त्याला बोली वजा आदला भाव याने भागा. लिंक्डइन आदल्या दिवशी १३१.०८, बोली १९६, बंद १९२.२१: उत्तर ९४ टक्के. ऑक्टोबर २०१८ मध्ये आयबीएमने रेड हॅटला १९० डॉलर देऊ केले. आदला भाव ११६.६८, बंद १६९.६३: ७२ टक्के. जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजनला ९५ डॉलर देऊ केले. आदला भाव ६५.३९, बंद ८२.३१: फक्त ५७ टक्के. नियामक अडवतील ही भीती पहिल्याच दिवशी भावात होती. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने खरंच नकार दिला आणि शेअर एका दिवसात ११ टक्के पडला. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये सौदा ९५ डॉलरनेच पूर्ण झाला. या मोजमापात व्याज आणि वेळ धरलेले नाहीत, शिवाय सौदा मोडला तर भाव जुन्या पातळीला येईल असं गृहीत आहे. पण एका नजरेत अंदाज घ्यायला ते पुरतं.

भारतात यात ओपन ऑफरचा भाग येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत कुणाचा हिस्सा २५ टक्क्यांवर जाणार असेल तर त्याला इतर भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के घेण्याची ऑफर द्यावी लागते. भावही मनमानी नसतो: करारातला भाव, मागच्या ५२ आठवड्यांत त्याने दिलेला सरासरी भाव, मागच्या २६ आठवड्यांतला त्याचा सर्वोच्च भाव आणि ६० व्यवहार-दिवसांची बाजारातली सरासरी, यांतला जो जास्त असेल त्यापेक्षा कमी देता येत नाही. शेअर देण्यासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. लोकांचा घोळ होतो तो इथे: ऑफर २६ टक्क्यांची आणि शेअर त्याहून जास्त आले तर सगळ्यांचे प्रमाणातच घेतले जातात. शंभर शेअर दिले म्हणजे शंभर जातीलच असं नाही, उरलेले परत खात्यात येतात आणि ऑफर संपल्यानंतरच्या भावाला तुम्ही उघडे पडता.

एल अँड टी आणि माइंडट्री या आयटी कंपनीचं प्रकरण यासाठी नीट बघा. मार्च २०१९ मध्ये एल अँड टीने माइंडट्रीचे मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडचा २०.३२ टक्के हिस्सा ९८० रुपयांनी घ्यायचं ठरवलं, बाजारातून १५ टक्के घेण्याची सोय केली आणि ३१ टक्क्यांची ओपन ऑफर आणली, तीही ९८० नेच. बाजारभाव आधीच त्याच्या जवळ असल्याने पहिल्या दिवशी उडी वगैरे काही दिसली नाही. ऑफर जूनअखेर पार पडली, जुलैत संस्थापकांपैकी वरिष्ठांनी राजीनामे दिले, पहिल्या तिमाहीचे निकाल कमजोर आले, आणि महिना संपेपर्यंत शेअर ७०० रुपयांच्या आसपास होता. ९८० चा आधार ऑफरपुरताच होता, त्यानंतर भाव पुन्हा कमाई आणि पीई यांच्या ताब्यात गेला. याच्या उलट सत्यमचं. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपयांच्या बोलीवर सत्यम मिळवली आणि २० टक्क्यांची ओपन ऑफर ५८ नेच आली, पण तोवर बाजारभाव त्याच्या बराच वर गेला होता, त्यामुळे ऑफरला फारसं कुणी फिरकलं नाही. आधी बाजारभाव बघायचा आणि मग ऑफरचा फॉर्म भरायचा, इतकं साधं आहे ते.

शेअरच्या बदल्यात शेअर मिळणार असतील तर दोन्ही भाव एकमेकांना बांधले जातात. २०२२ मध्ये माइंडट्रीच्या १०० शेअरना एलटीआयचे (एल अँड टी इन्फोटेकचे) ७३ असं प्रमाण ठरलं. त्यानंतर विलीनीकरण होईपर्यंत माइंडट्रीचा भाव एलटीआयच्या ०.७३ पटीच्या आसपास फिरत राहिला. एलटीआयवर कुणी मत बदललं की ते आपोआप माइंडट्रीवरही लागू होत होतं.

शेवटी एक धोक्याची सूचना, कारण पडद्यावरचा लाल आकडा दर वेळी नुकसान नसतो. नवी मुंबईच्या मजेस्को लिमिटेडचं उदाहरण घ्या. तिची अमेरिकी उपकंपनी थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने २०२० मध्ये घेतली. आधी १३.१० डॉलर ठरलेला भाव दुसऱ्या बोलीमुळे १६ वर गेला. मिळालेले पैसे भारतीय कंपनीने प्रति शेअर ९७४ रुपये अंतरिम लाभांश म्हणून वाटले, आणि लाभांशाच्या तारखेला शेअर साडेनऊशेच्या वरून थेट १२-१३ रुपयांवर आला. ज्यांनी घोषणा वाचली नव्हती त्यांना शेअर ९८ टक्के कोसळला असं वाटलं असणार. शेअरचं विभाजन, बोनस शेअर, डीमर्जर (कंपनीचा एक भाग वेगळा काढणं) या सगळ्यांत असं घडतं.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये त्या दिवसाची पीडीएफ काढा. सेबीच्या नियमांनुसार त्यात घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा मागच्या तीन वर्षांचा महसूल, किंमत, ती रोख की शेअरमध्ये, मंजुऱ्या आणि पूर्ण होण्याची मुदत द्यावी लागते. तीन वर्षांचा महसूल सपाट किंवा उतरता असेल आणि किंमत मात्र महसुलाच्या अडीच-तीन पट असेल, तर पडलेल्या आठ टक्क्यांचं कारण मिळालं. नफा त्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा नसतो. तो विश्लेषकांशी झालेल्या कॉलच्या लिखित प्रतीत सापडतो. तिथे आणखी दोन गोष्टी शोधा. एक, किमतीतली किती रक्कम आत्ता आणि किती पुढच्या कामगिरीवर अवलंबून आहे. दोन, माणसं टिकवण्यासाठी वेगळा बोनस ठेवला आहे का. नोकरीत टिकून राहण्याशी बांधलेली रक्कम खरेदीच्या किमतीत धरत नाहीत, ती पगारखर्च म्हणून नफ्यातून जाते, आणि दोन-तीन वर्षं मार्जिन खात राहते. हे घोषणेच्या दिवशी फार थोडे लोक बघतात.

मग वरचा हिशोब खऱ्या आकड्यांनी करा आणि दोन्ही अहवालांतल्या कमाईच्या अंदाजाशेजारी ठेवा. तुमचा आकडा 'सेल' म्हणणाऱ्याच्या जवळ आला, तरी त्याने वापरलेला पीई पटतो का, ते वेगळं तपासा. सौदा पूर्ण झाल्यावर मात्र नजर एकाच ओळीवर ठेवा. चार तिमाही कंपनीची वाढ फुगलेली दिसेल, कारण घेतलेला महसूल आत आला आणि मागच्या वर्षीच्या आकड्यात तो नव्हता. वाढ १२ टक्के दिसली आणि त्यातली ९ टक्के विकत घेतलेली असेल, तर मूळ धंदा तीनच टक्क्यांनी वाढतोय. चलनातला फरक काढून टाकल्यानंतरची ही सेंद्रिय वाढ कंपनीने स्वतःहून वेगळी दिली नाही, तर कॉलमध्ये कुणीतरी विश्लेषक ती विचारतोच; उत्तर मिळालं की टाळलं, ते लिखित प्रतीत वाचा. दोन तिमाही लागोपाठ टाळलं गेलं, तर पुढचा 'सेल' येण्याची वाट मी बघत बसणार नाही.